कासवांच्या घरट्यांवर काम करायला खान्देशातून कोणी कोकणात गेलंय का?

विज्ञानबाई_शिरपूर

नमस्कार. मी शिरपूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. मोठं पाणी म्हणजे त्यांना तापी, आणि पावसाळ्यात अनेर.

मध्यंतरी वर्गात ऑलिव्ह रिडले कासवाचा विषय निघाला. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते, उबवायला थांबत नाही, असं मी सांगितलं. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, मग ती आई कसली?" तिचे आईवडील दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहते. मी तिला म्हटलं, नीट माहिती घेऊन सांगते.

तेव्हापासून डोक्यात आहे की एकदा स्वतः जाऊन घरट्यांचं काम करावं. नुसतं बघायला नाही, हाताने काम करायला. पण विचारू कोणाला? ओळखीत जे कोकणात जाऊन आले ते गणपतीपुळे आणि मासे एवढंच सांगतात. खान्देशातून कोणी हे केलंय का? आमच्यासारख्या लांबच्या, समुद्राची सवय नसलेल्या माणसाचा तिथे उपयोग होतो की अडचणच होते? माझे दीर म्हणतात की अंडी उचलून दुसरीकडे पुरणं म्हणजे निसर्गात ढवळाढवळ, कासवं लाखो वर्षं जगलीच की. त्यांना काय उत्तर द्यावं? आणि शक्य असेल तर पुढच्या वर्षी नववीची चार-सहा मुलं न्यायची आहेत. कोणत्या महिन्यात जावं?

पाचोरा_पॅसेंजर

आम्ही कुटुंबासह रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या कासव महोत्सवाला गेलो होतो. गावातच घरगुती राहायची सोय, जेवण साधं आणि उत्तम. पिल्लं समुद्रात जाताना बघितली, मुलं अजून त्याबद्दल बोलतात. फक्त एक लक्षात ठेवा, पिल्लं त्या दिवशी निघतीलच असं नसतं. आमच्या आधी दोन दिवस थांबलेलं नाशिकचं एक कुटुंब काही न बघता परत गेलं. कामाचं मला माहीत नाही, आम्ही पाहुणे होतो.

केळीवाला_यावल

बाई, रामराम. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

मी यावल तालुक्यातला केळीचा शेतकरी. धाकटी लेक दापोली तालुक्यात दिली आहे, किनाऱ्यालगतच्या गावात. लेकीच्या घरी फार राहू नये असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. मी राहतो, व्याही हात धरून बसवून घेतात. त्यांची सुपारीची बाग आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळात ती निम्म्याहून जास्त आडवी झाली. आमच्याकडे रोहिणीच्या वादळात केळी झोपते ती मी जन्मभर बघत आलो, त्यामुळे त्यांचं दुःख मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या वर्षी भेटायला गेलो आणि आमचं नातं घट्ट झालं. व्याह्यांचा पुतण्या गावचा कासवमित्र, म्हणजे किनाऱ्यावरची कासवांची घरटी शोधून राखणारा. हिवाळ्यात गेलो की मी त्याच्यामागे पहाटे किनाऱ्यावर चालतो. केळीचं काम तेवढे दिवस मुलगा बघतो.

आता काम काय ते सांगतो, कारण फोटोत दिसतं ते काम नव्हे.

काम म्हणजे अंधारात चालणं. कोकणच्या किनाऱ्यावर माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येतात. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्याला हजारोंनी एकदम येतात तसं इथे नाही. इथे एकटी-दुकटी येते, कधी या टोकाला, कधी त्या. म्हणून कासवमित्र रात्री किंवा पहाटे उजाडायच्या आत अख्खा किनारा पायाखाली घालतो. भरतीच्या रेषेच्या वरून चालायचं, नजर वाळूवर. माग असतो दोन-अडीच फूट रुंद, मधे पोट घासल्याची पट्टी आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यासारख्या पायांच्या खुणा. रिडलेच्या खुणा आळीपाळीने पडतात, डावी पुढे, उजवी मागे. हिरव्या कासवाच्या दोन्ही बाजूंच्या जोडीने पडतात. येतानाचा आणि जातानाचा असे दोन माग मिळाले तर त्यांच्यामधे कुठेतरी वाळू विस्कटलेली असते, तिथे घरटं असण्याची शक्यता. शक्यताच, कारण कधी मादी वर येते, जागा पटत नाही आणि तशीच परत जाते. बहुतेक पहाटे काहीही सापडत नाही. तेही वहीत लिहायचं: तारीख, कुठून कुठपर्यंत चाललो, माग नाही. पुतण्या त्या कोऱ्या नोंदीही तितक्याच निगुतीने करतो. मला ते फार आवडतं.

उजाडायच्या आत का, तर कुत्री आणि कोल्हे आपल्याआधी उठलेले असतात. उकरलेलं घरटं मी पाहिलंय. पांढरी टरफलं वाऱ्यावर इकडेतिकडे, पिवळं बलक वाळूत जिरलेलं, कावळे जमलेले. रानडुक्कर लागलं तर काहीच उरत नाही. आणि एके काळी माणूसही होता. अंडी खाल्ली जायची, विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला संरक्षणाचं काम सुरू केलं आणि २००६ पासून तिथे महोत्सव भरू लागला, त्यानंतर गावांनी हे काम आपलं म्हणून उचललं. आज बऱ्याच गावांत वनखातं, कांदळवन कक्ष (खारफुटी सांभाळणारं सरकारी खातं) आणि गावचे कासवमित्र मिळून ते चालवतात.

तर तुमच्या दिरांना उत्तर. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. जिथे घरटं आहे तिथे ते सुरक्षित राहू शकत असेल तर तिथेच राहू द्यावं, हेच सर्वांत चांगलं. जगभर जाणकार हेच सांगतात. पण लाखो वर्षं कासवं जगली तेव्हा किनाऱ्यावर गावकुत्री नव्हती, रात्रभर जळणारे दिवे नव्हते, भरतीची रेषा बंगल्याच्या कुंपणापर्यंत पोचलेली नव्हती. आपण एवढी ढवळाढवळ करून बसलोय, त्यात हॅचरी, म्हणजे कुंपण घातलेल्या वाळूत अंडी पुन्हा पुरून राखणं, ही त्यातल्या त्यात कमी नुकसानीची.

ती करायची कशी, यातच सगळं आहे. अंडी घातल्यापासून पहिल्या काही तासांतच हलवायची. नंतर आतला जीव टरफलाच्या वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं फिरवलं, नुसतं कुशीवर झालं तरी तो मरू शकतो. म्हणून एकेक अंडं जसं निघालं तसंच, वरची बाजू वरच ठेवून टोपलीत. टोपलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओली वाळू. मूळ खड्डा किती खोल, किती रुंद ते मोजायचं, साधारण दीड फूट असतो, खाली फुगलेला आणि तोंडाशी अरुंद, आणि हॅचरीत हुबेहूब तसाच करायचा. मादी मागच्या पायाचा पंजा वाकवून तो आकार करते. आपल्याला हाताने करायला घाम फुटतो.

इथे मला माझी शेती कामाला आली, हे सांगताना मला खरंच अभिमान वाटतो. वरची वाळू कोरडी, भुसभुशीत. खोदत गेलं की एका खोलीवर ती हाताला गार आणि दमट लागते, मुठीत धरली तर गोळा होतो पण पाणी सुटत नाही. आमच्याकडे जमिनीला वाफसा आला म्हणतो ना, तसंच. पुतण्याला मी हे म्हटलं तर तो म्हणाला, "बरोबर, तिथेच ती अंडी ठेवते." फार कोरडं झालं तर अंडी सुकतात, भरतीचं पाणी साचलं तर आतला जीव गुदमरतो, कारण टरफलातून हवा आतबाहेर जात असते. म्हणून हॅचरी भरतीच्या बरीच वर, पण फार मागे सुरूच्या झाडांच्या मुळांतही नाही.

आणि तापमान. बाई, हे मुलांना नक्की शिकवा. कासवाच्या पिल्लाचं नर-मादी होणं आईबापाकडून ठरून येत नाही, वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या खाली राहिली तर नर जास्त, त्याच्या वर गेली तर माद्या जास्त. उबवणीचा मधला तिसरा हिस्सा यात महत्त्वाचा. आणि ३४-३५ च्या वर ऊन वाळूत मुरलं तर पिल्लं आतच मरू लागतात. उन्हाळ्यात आमचं जळगाव-भुसावळ ४५ च्या पुढे जातं, टिश्यूकल्चरची रोपं शेडनेटखाली सांभाळताना आमचा जीव जातो. म्हणून मार्चच्या घरट्यांवर सावली हवी की नको, हा प्रश्न मला लगेच कळला. ती सावलीही विचारूनच करायची. फार गार केलं तर नरच नर होतील. हा निर्णय आपण पाहुण्यांनी घ्यायचा नाही.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात. थंडीत वेळ लागतो, ऊन वाढलं की लवकर. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली उपडी घालतात, म्हणजे निघालेली पिल्लं विखुरत नाहीत. आधी वाळू मधोमध खचते. खाली शंभर जीव एकमेकांच्या अंगावरून वर सरकत असतात, एकट्या पिल्लाला दीड फूट वाळू चढवणार नाही. वरची वाळू गार झाली की बाहेर येतात, म्हणून रात्री किंवा पहाटे. निघाल्यावर त्यांच्या अंगात पोटातल्या बलकाची शिदोरी असते, ती खोल पाण्यात पोचेपर्यंत पुरवायची. त्यामुळे एक गोष्ट मी ठाम सांगतो: पाहुणे यायचे आहेत म्हणून पिल्लं टपात तासन्‌तास ठेवणं मला मान्य नाही, कुठल्याही किनाऱ्यावर. टपात ती पोहत राहतात आणि शिदोरी तिथेच संपते. निघाली की लवकरात लवकर सोडायची. आणि पाण्यात नेऊन ठेवायची नाहीत, लाटेच्या अलीकडे वाळूवर सोडायची, चालत जाऊ द्यायची. हा किनारा त्यांच्या ध्यानात बसतो तो याच चालण्यातून, असं मानतात.

आता ज्या कामाचा फोटो कोणी काढत नाही ते. पिल्लं निघून गेल्यावर घरटं उकरून बघतात. रिकामी टरफलं एका ढिगात, न फुटलेली अंडी दुसऱ्यात, अर्धवट वाढून मेलेली तिसऱ्यात. वास येतो, माश्या बसतात. कधी तळाशी एखादं अडकलेलं जिवंत पिल्लू सापडतं, मग सगळे एकदम ओरडतात. मग मोजणी, वहीत नोंद, किती अंड्यांतून किती निघाली. हे आकडे नसतील तर हॅचरी बरी चालली की वाईट हे कळणारच नाही. तुमच्या मुलांना मी सर्वांत आधी या कामाला बसवीन. टक्केवारी आयुष्यात विसरणार नाहीत.

तुमचा उपयोग काय विचारलंत. पहाटे पुतण्यासोबत चालणारी आणखी एक नजर हवीच असते. कुंपणाचे बांबू, जाळी, वाळूच्या पाट्या उचलायला हात हवे असतात. पण बाई, सर्वांत जास्त गरज असते ती शनिवार-रविवारी, पिल्लं सोडताना. दोनशे माणसं दोरीला रेटा देऊन उभी असतात, मोबाईलचे दिवे चमकतात, लहान पोरं दोरीखालून घुसतात, आणि पुतण्याचा आवाज मुळातच बारीक. तिथे वर्ग सांभाळायची सवय असलेला आवाज लागतो. तुम्ही उभ्या राहिलात तर पहिल्या दिवशी कामाला याल.

आणि तुमच्या त्या मुलीचा प्रश्न. मी यावर खूप विचार केला, कारण आमच्या बांधावर राबणाऱ्या कितीतरी घरांतली लेकरं अशीच मागे राहतात.

मी रात्री मादी वर येताना पाहिली आहे. तीस-चाळीस किलोचं अंग. पाण्यात ते हलकं असतं, वाळूवर तिला दर चार पावलांनी थांबून श्वास घ्यावा लागतो. भरतीच्या वर जागा शोधते. पटली नाही तर तेवढी चढण चढून परत जाते आणि पुन्हा कधीतरी येते. अंडी घातली की वाळू ओढते, मग सगळं अंग डावी-उजवीकडे आपटून ती दाबते, मग वाळू उडवून जागा अशी विस्कटून टाकते की नेमकं कुठे हे कळू नये. एका हंगामात दोनदा, कधी तीनदा. डोळ्यांतून पाणी वाहतं ते रडणं नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ ती तिथून बाहेर टाकते. उबवायचं काम वाळू करते. ती तिथे थांबली तर उन्हात मरेल आणि कोल्ह्याला ठिकाण दाखवेल. जाते म्हणून पिल्लं वाचण्याची शक्यता असते. आणि ती हरवून जात नाही. मार्च २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला एका मादीच्या पायाला ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. श्रीलंकेला वळसा धरला तर साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त. १२० अंडी, त्यांतली १०७ पिल्लं समुद्रात गेली. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी उलटी गेली, इकडून दक्षिणेला आणि पुढे बंगालच्या उपसागरात.

हे सगळं त्या मुलीला सांगा. पण एक विनंती. कासवाची आणि तिच्या आईची तुलना करू नका, ती समजुतीसाठी असली तरी. कासव पिल्लांना ओळखत नाही. तिची आई उसाच्या फडातून फोन करते, पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की परत येते, लेकीच्या दप्तरासाठीच कोयता हातात धरते. कासवाबद्दल वर्गात बोला. आईबद्दल तिच्याशी एकटीशी, वेगळं बोला.

किनारा_दापोली

यावलच्या काकांनी बहुतेक सगळं सांगितलं, बरं वाटलं वाचून. मी कासवमित्र म्हणून काम करतो, माझ्या बाजूने थोडी भर.

बाई, थेट किनाऱ्यावर येऊन कामाला लागू नका. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय अंड्याला किंवा पिल्लाला हात लावणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. आधी त्या भागातल्या वनखात्याच्या कार्यालयाशी आणि गावच्या कासवमित्राशी बोला, शाळेचं पत्र द्या, मग या. आम्हाला हंगामापुरतं मानधन मिळतं, थोडं असलं तरी गावातल्या पोराला ते आधाराचं आहे. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याने आमच्याऐवजी नाही, आमच्यासोबत काम करावं, एवढीच अपेक्षा.

घरटं नेमकं कुठे हे शोधायला आम्ही काठी वापरतो. वाळू जिथे भुसभुशीत लागते तिथे काठी सहज खाली जाते. हे बघायला सोपं वाटतं, पण जोर जरा जास्त झाला तर वरची अंडी फुटतात. मला माझ्या चुलत्याने दोन हंगाम काठी हातात दिली नव्हती. पाहुण्यांनी ती मागू नये.

पांढरी बॅटरी आणू नका. मादी वर येत असेल तर उजेड बघून परत फिरते. पिल्लांना जिकडे क्षितिज उजळ तिकडे समुद्र एवढंच कळतं, म्हणून हॉटेलचा दिवा दिसला की ती तिकडे वळतात, सकाळी रस्त्यावर चिरडलेली सापडतात. लाल उजेडाची बॅटरी, तीसुद्धा गरजेपुरती. आणि कृपा करून किनाऱ्यावर गाडी घालू नका. चाकाखाली वाळू दबली की खालची पिल्लं वर येऊ शकत नाहीत, आणि चाकोरीत पडलेलं पिल्लू त्या चरातच धावत बसतं. हे आम्ही रोज सांगतो आणि रोज कोणीतरी मोटरसायकल घेऊन उतरतो. फार जीव तुटतो.

पावसाळ्यात कधी आलात आणि वाहून आलेलं कासव दिसलं, जाळ्यात पाय अडकलेलं, तर त्याला पाण्यात ढकलू नका. ते दमलेलं असतं, बुडून मरतं. सावली करा, अंगावर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, आणि वनखात्याला कळवा. हॅलो फॉरेस्टचा १९२६ क्रमांक महाराष्ट्रभर चालतो.

मुलांसाठी मार्च चांगला. फेब्रुवारीत घरटी हलवणं बघायला मिळण्याची शक्यता जास्त, पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये जास्त. मधल्या वारी या, शनिवार-रविवार सोडून. मग मुलांना शांतपणे दाखवता येतं.

विज्ञानबाई_शिरपूर

दोघांचेही मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी छापून काढलं आणि दिरांना वाचायला दिलं. शेवटी म्हणाले, "जाताना मला सांग, मीही येतो."

त्या मुलीशी बोलले. मधल्या सुट्टीत, दोघीच. काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण नंतर तिने वहीत कासवाच्या मागाचं चित्र काढून दाखवलं, डाव्या-उजव्या खुणा आळीपाळीने, आणि खाली लिहिलं होतं "०३२३३".

मार्चमध्ये परीक्षेच्या आधी चार दिवस काढता येतील का ते मुख्याध्यापकांना विचारते आहे. मी एकटी मात्र फेब्रुवारीत जाणारच. पण चार-सहा मुलं गेली तरी बाकीची पन्नास इथेच राहणार. त्यांच्यासाठी तापीकाठी असं काही करता येईल का? नदीत कासवं आहेत हे मुलांना ठाऊक आहे, कोळी घरांतली मुलं तर नेहमी बघतात.

प्रकाशेकर

बाई, आपली तापी काही रिकामी नही शे. मी तापीकाठच्या प्रकाशा गावचा, लहानपण नदीत गेलं.

आपल्याकडे जास्त करून दिसतं ते मऊ पाठीचं, फ्लॅपशेल म्हणतात ते. पोटाखाली मागच्या बाजूला दोन झडपा असतात, पाय आत घेतले की ती झाकून टाकतं. शेततळ्यात, पाटचारीत, नदीच्या डोहात. गोगलगाय, बेडकाची पिल्लं, मेलेले मासे खातं, म्हणजे पाणी साफ ठेवायला मदतच. तळं आटलं की चिखलात पुरून घेऊन पाऊस येईपर्यंत पडून राहतं. याची अंडी समुद्री कासवासारखी शंभर नाहीत, एका वेळी थोडीच, काठाच्या मातीत, गोल आणि टरफल कडक. पिल्लं निघायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे नांगरताना किंवा काठ उकरताना ती फुटतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हेही पहिल्या अनुसूचीत आहे. घरात बरणीत किंवा विहिरीत सोडून ठेवणं चालत नाही, शुभ म्हणून ठेवलं तरी.

मुलांनी हात लावायचा नाही, अंडी शोधायला उकरायचं नाही. तेवढं पाळलं तर करण्यासारखं खूप आहे. थंडीत सकाळी ऊन चढलं की कासवं काठाला, ओंडक्यावर, खडकावर अंग शेकायला येतात. एकच जागा ठरवा, एकाच वेळी, आठवड्यातून एकदा. लांबून मोजा, लिहा. प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज झाल्यापासून पाणी वर्षभर चढलेलं असतं, पूर्वीचे वाळूचे पट्टे बुडाले, आणि जे उरले तिथे वाळूचा उपसा. म्हणजे ऊन खायलाही जागा कमी आणि अंडी घालायलाही. कुठे वाळू उरली आहे आणि कुठे नाही, याचा साधा नकाशा मुलांनी केला तरी तो आपल्या भागातला मोठा कागद होईल. कोळी दादांना सोबत घ्या. जाळ्यात कासव कधी, कुठे येतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. ते जाळं कापून सोडतात तेव्हा त्यांचं नुकसान होतं, हेही मुलांनी ऐकावं.

केळीवाला_यावल

प्रकाशेकर भाऊंनी फार चांगलं सुचवलं. बाई, मुलांची वही कोकणातल्यासारखीच ठेवा. कासव दिसलं नाही त्या आठवड्याचीही नोंद हवी, वारा, ऊन, पाणी किती चढलं होतं ते लिहून. एक वर्ष झालं की मला दाखवा, मी यावलकडच्या काठावर दोन पोरं तयार करतो, म्हणजे वरच्या आणि खालच्या अंगाचं जुळवून बघता येईल.

प्रवासाचं राहिलं. शिरपूरहून धुळे, तिथून रात्रीच्या गाडीने मुंबई, मग कोकण रेल्वेने खेड आणि पुढे एसटीने दापोली, हा मुलांसोबत सोयीचा मार्ग. वेळासला जायचं ठरलं आणि हरिहरेश्वरच्या बाजूने येणार असाल तर बागमांडला ते वेसवी फेरीबोट आहे. मुलांना खाडी ओलांडायला मिळेल. शेवटची फेरी किती वाजता ते निघायच्या दिवशी विचारून घ्या. सोबत कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून न्या, पहिल्या दिवशी मुलांना माशाचा वास झेपत नाही. फेब्रुवारीत तुम्ही येणार त्या दिवसांत मी तिकडेच असेन. लेकीला सांगून ठेवतो, उतरायची सोय घरीच होईल. पहाटे चारला उठायची तयारी ठेवा.